सगळ्यांच्या पाठीवर मांडे भाजत नाहीत



आजचं चिंतन गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकावर आहे. श्लोक बहुतेकांना पाठ असेल. विद्या-विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खालचा ठरवलेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी समदृष्टीने पाहतो, असं भगवंत तिथे सांगतात. वाचायला सोपं आणि पटायलाही सोपं. पारायणाच्या वेळी या ओळीवर मान डोलावली नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

अडचण पारायण संपवून उठल्यावर सुरू होते. समदृष्टी हा डोळ्यांचा गुण आहे की हातांचा? म्हणजे मी मनात सगळ्यांना सारखं मानलं, पण देण्याघेण्यात, घर भाड्याने देण्यात, नोकरी देण्यात वेगळं वागलो, तर मी समदर्शी आहे का? आज मला हा प्रश्न एका ठरावीक माणसांच्या बाबतीत विचारायचा आहे. समलिंगी माणसं, तृतीयपंथी माणसं, ज्यांना आपण एकत्रितपणे एलजीबीटी म्हणतो, त्यांच्याबद्दल. त्यांना भेदभावापासून वाचवणारा कायदा असावा का, आणि एका वारकऱ्याने, एका भक्ताने त्या कायद्याच्या बाजूने उभं राहावं का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: हो, राहावं. का, ते आता बघू.

मुक्ताईला खापर कोणी दिलं नाही?

आळंदीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. दिवाळीचे दिवस. निवृत्तिनाथांना मांडे खायची इच्छा झाली. मुक्ताई कुंभाराकडे खापर आणायला गेली. पण या भावंडांना कोणी काही द्यायचं नाही, अशी गावाला ताकीद होती. विसोबाने कुंभारांना बजावून ठेवलं होतं. मुक्ताई रिकाम्या हाताने रडत घरी आली. मग ज्ञानदेवांनी योगबळाने अग्नी चेतवला, त्यांची पाठ तापली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. विसोबाने ते पाहिलं, त्याचा अहंकार गळाला आणि पुढे तोच नामदेवांचा गुरू विसोबा खेचर झाला.

कीर्तनात ही गोष्ट ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो. पण आपण सगळे चमत्कारात अडकतो आणि कुंभाराला विसरतो. कुंभाराचं मुक्ताईशी वैर नव्हतं. त्याच्याकडे खापर होतं, ते विकणं हाच त्याचा धंदा होता, आणि मुक्ताई गिऱ्हाईक होती. तरी त्याने दिलं नाही. कारण 'लोक काय म्हणतील'. कारण 'तुम्ही संन्याशाची मुलं'. खापर विकताना गिऱ्हाइकाचा जन्म कसा झाला याचा काय संबंध? काहीच नाही. भेदभावाची व्याख्या कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नाही, ती या गोष्टीत आहे. ज्या गोष्टीचा व्यवहाराशी काही संबंध नाही, तिच्यावरून माणसाला दारातून परत पाठवायचं.

आता पुढचं पाऊल. ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, म्हणून त्या संध्याकाळी ती भावंडं उपाशी राहिली नाहीत. पण सगळ्यांच्या पाठीवर मांडे भाजत नाहीत. ज्याच्याकडे योगबळ नाही, त्या साध्या माणसाला कुंभाराने खापर नाकारलं तर तो काय करणार? उपाशी राहणार किंवा गाव सोडणार. मला वाटतं, कायदा अशा माणसासाठी असतो. ज्याच्याकडे चमत्कार नाही त्याच्यासाठी.

आजचं खापर

आजचं खापर म्हणजे भाड्याचा फ्लॅट, कंपनीतली नोकरी, हॉस्पिटलमधली खाट, शाळेतला बाक.

अलोऱ्याच्या कॉलनीत माझ्याबरोबर वाढलेला एक मित्र आहे. त्याचं नाव-गाव ओळखू येईल असं काही लिहीत नाही. हरिपाठ त्याला माझ्यापेक्षा चांगला येतो. तो आता शहरात नोकरी करतो आणि गेली काही वर्षं त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो. जोडीदारही पुरुष आहे. अकरा महिन्यांचा करार, भाडं दर महिन्याच्या एक तारखेला, आवाज नाही, पार्टी नाही. मग शेजारच्या कोणीतरी मालकांच्या कानावर घातलं. पंधरा दिवसांत फ्लॅट खाली करायला सांगितलं. ब्रोकर म्हणाला, "कारण विचारू नका, उगाच तमाशा होईल." त्याने कारण विचारलं नाही. कारण तमाशा झाला असता तर बातमी चिपळूणमार्गे घरी पोचली असती, आणि घरी अजून माहीत नाही.

शिमग्याला आपल्याकडे ग्रामदेवतेची पालखी देवळातून निघून घराघरात जाते. कोकणातला देव भक्त येण्याची वाट बघत बसत नाही, तो स्वतः दारात येतो. त्या वर्षी पालखी त्यांच्या दारात आली तेव्हा त्याच्या आईने त्याच्या नावाने नारळ दिला. तो आला नव्हता. "काम खूप आहे" म्हणाला होता.

आता सांगा, त्या मालकांनी काय पाहायला हवं होतं? भाडं वेळेवर येतं का, घर नीट ठेवतात का, सोसायटीला त्रास होतो का. या तिन्हीची उत्तरं चांगली होती. चौथा प्रश्न, म्हणजे तुम्ही कोणावर प्रेम करता, हा खापर विकण्याशी संबंध नसलेला प्रश्न होता.

समदर्शन आणि समवर्तन

इथे एक जुना युक्तिवाद येतो, आणि तो अभ्यासू माणसं करतात म्हणून गंभीरपणे घ्यायला हवा. ते म्हणतात, भगवंतांनी समदर्शी म्हटलं आहे, समवर्ती नाही. दृष्टी सारखी ठेवा, वागणं मात्र ज्याच्या त्याच्या योग्यतेनुसार वेगळं असणारच. हत्तीला आणि कुत्र्याला कोणी एकाच ताटात वाढत नाही.

बरोबर आहे. पण हत्तीला ऊस आणि कुत्र्याला भाकरी का देतो? कारण दोघांची भूक वेगळी आहे. गरज वेगळी म्हणून वागणं वेगळं. ही करुणाच आहे. हत्तीला ऊस दिला आणि कुत्र्याला दगड मारला, आणि वर म्हटलं की 'माझी दृष्टी समच आहे, फक्त वर्तन वेगळं आहे', तर तो श्लोकाचा अर्थ नाही, ती पळवाट आहे. वेगळं वागणं गरजेतून आलं की तुच्छतेतून, एवढीच कसोटी आहे. समलिंगी मुलाला डोक्यावर छप्पर हवं आणि इतरांनाही हवं. या गरजेत फरक नाही. मग वागण्यात फरक कुठून आला? तो डोळ्यांतून आला. म्हणजे दृष्टीही सम नव्हती.

म्हणून मला वाटतं, समदर्शनाची परीक्षा ध्यानाला बसल्यावर होत नाही. ती भाडेकरार करताना, इंटरव्ह्यू घेताना, ओपीडीत केसपेपर काढताना होते.

मन शुद्ध असलं की पुरे नाही का?

"हे सगळं प्रबोधनाने व्हावं, कायद्याची सक्ती कशाला?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतो. भक्तीने मन बदलतं, कायद्याने फक्त भीती बसते, असं त्यामागे असतं. याचं उत्तर मी पंढरपूरकडे मागतो.

चोखोबा विठ्ठलाचे किती लाडके, हे आपण अभंगांतून गातो. परंपरा सांगते की मंगळवेढ्याला भिंत कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारात, नामदेव पायरीसमोर त्यांची समाधी झाली. म्हणजे दाराच्या बाहेर. ही गोष्ट चौदाव्या शतकातली. त्यानंतर सहाशे वर्षं आपण टाळ-मृदंग घेऊन त्या समाधीसमोरून आत जात राहिलो. 'देवापुढे सगळे सारखे' म्हणत राहिलो. आणि चोखोबांच्या समाजाला त्या सहाशे वर्षांत आत जाता आलं नाही.

दार उघडलं कधी? १९४७मध्ये. दापोलीजवळच्या पालगडचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्याचे साने गुरुजी पंढरपूरला तनपुरे महाराजांच्या मठात १ मे १९४७ला उपोषणाला बसले. त्याआधी काही महिने त्यांनी महाराष्ट्रभर फिरून लोकांना विनवलं होतं. दहा दिवस प्राण पणाला लागले, तेव्हा मंदिर सर्वांना खुलं करायचं ठरलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढे राज्यघटनेच्या १७व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५मध्ये तिच्या आचरणाला शिक्षा ठरवणारा कायदा आला.

या सहाशे वर्षांत भक्ती कमी पडली का? मी असं म्हणणार नाही. चोखोबांचे अभंग वारकऱ्यांनीच जपले, साने गुरुजींच्या अंगातही तीच भक्ती होती. पण भक्ती दारापर्यंत घेऊन गेली आणि कडी मात्र कोणाला तरी हाताने काढावी लागली. ज्यांच्या हातात कडी होती, त्यांचं मन बदलायची वाट बघत बसलो असतो तर किती पिढ्या पायरीवरच गेल्या असत्या? मन बदलायला वेळ लागतो, हे मान्य. पण ज्याच्यावर अन्याय होतो, त्याचं आयुष्य त्या वेळात संपून जातं.

वाळीत टाकणं आपल्याला नवीन नाही

कोकणातल्या माणसाला 'वाळीत टाकणं' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. बोलणं बंद, लग्नाला बोलावणं बंद, दुकानात सामान बंद, पालखी दारात येणं बंद. रायगड-रत्नागिरीतल्या अशा कितीतरी कहाण्या वर्तमानपत्रांत आल्या. शेवटी महाराष्ट्राने २०१६मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. असा स्वतंत्र कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तो जुलै २०१७मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड. आणि समाजाने आपल्याच माणसाशी कोणत्या कारणांवरून भेदभाव करू नये, हे सांगताना त्या कायद्याने नैतिकता, राजकीय कल यांच्याबरोबर लैंगिकतेचाही उल्लेख केला आहे.

म्हणजे 'हे सगळं पाश्चात्त्य खूळ आहे' असं जे म्हणतात, त्यांनी आपल्याच विधिमंडळाचा कायदा वाचावा. वाळीत टाकणं पाप आहे हे आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही. माउलींचं स्वतःचं घर वाळीत टाकलेलं होतं. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी प्रायश्चित्त म्हणून देह ठेवला, तरी मुलांना गावाने जवळ केलं नाही. ज्या संप्रदायाची माउलीच बहिष्कृत घरातली आहे, त्या संप्रदायाने बहिष्काराच्या बाजूने उभं राहणं कसं शोभेल?

कायदा आज कुठे आहे

थोडं तपशिलात जाऊ, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हा विषय संपलेला आहे.

६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ची धार काढली आणि प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्याआधी १५ एप्रिल २०१४च्या निकालात तृतीयपंथीयांची ओळख मान्य झाली होती. त्या खटल्यात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी सहभागी होत्या. २०१९मध्ये संसदेने तृतीयपंथीयांसाठी कायदा केला. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, घर यांत त्यांच्याशी भेदभाव करू नये, असं त्यात लिहिलं. पण त्याच कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षं एवढीच शिक्षा ठेवली, जेव्हा स्त्रीवरच्या बलात्काराला किमान शिक्षा दहा वर्षं आहे. सारख्याच वेदनेचं मोल असं वेगवेगळं ठरवलं गेलं.

आणि समलिंगी माणसांचं काय? 'तू गुन्हेगार नाहीस' एवढं न्यायालयाने सांगितलं. पण घरमालकाने काढलं, खासगी कंपनीने कामावरून कमी केलं, तर दाद मागायला स्पष्ट असा केंद्रीय कायदा नाही. घटनेचा १५वा अनुच्छेद मुख्यतः सरकारला बांधतो. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी यांचा उल्लेख त्यात आहे, पण भाड्याचा फ्लॅट आणि खासगी ऑफिस तिथे नाही. शशी थरूर यांनी भेदभावाविरुद्ध एक सर्वसमावेशक खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते काही मंजूर झालं नाही. असा कायदा करताच येत नाही, असंही नाही. एचआयव्हीबाधितांसाठी २०१७चा कायदा आहे. नोकरी, उपचार, भाड्याचं घर, सगळीकडे भेदभावाला तो मनाई करतो, आणि त्यात खासगी माणसंही येतात. म्हणजे वाट माहीत आहे, चालायचं बाकी आहे.

फॉर्मवरचे दोन पर्याय

रोज सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट चांगली कळते: फॉर्मवर जो पर्याय नाही, तो माणूस सिस्टिमसाठी अस्तित्वातच नाही. तो चिडू शकतो, रडू शकतो, पण 'सबमिट' दाबू शकत नाही.

२०२२मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच पर्याय होते, पुरुष आणि स्त्री. कुंभार्ली घाट चढून गेलं की लागणाऱ्या सातारा जिल्ह्यातल्या आर्या पुजारी या तृतीयपंथी उमेदवार. त्यांना शिपाई व्हायचं होतं. त्या महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या. न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं, आणि शेवटी सरकारने कबूल केलं की वेबसाइटवर तिसरा पर्याय येईल आणि शारीरिक चाचणीचे नियम फेब्रुवारी २०२३पर्यंत होतील.

एक पर्याय वाढवायला कोडच्या किती ओळी लागतात, हे मी सांगू शकतो. फारच थोड्या. पण त्या लिहायला एका तरुणीला राज्य सरकारशी भांडावं लागलं. 'प्रबोधनाने होईल' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. फॉर्म बनवणाऱ्याच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. त्याच्या डोळ्यांना ती माणसं दिसलीच नव्हती. समदर्शनातला 'सम' नंतरचा, आधी 'दर्शन' तर हवं. कायदा कधी कधी एवढंच करतो, जे दिसत नव्हतं ते बघायला लावतो.

दुसरं उदाहरण जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकचं. अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीला महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. जानेवारी २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अर्ज स्वीकारायला सांगितलं. मग निवडणूक झाली, आणि गावाने त्यांना निवडून दिलं.

हे उदाहरण मला फार आवडतं. न्यायालयाने गावाला 'यांच्यावर प्रेम करा' असा हुकूम सोडला नव्हता, तसा हुकूम कोणी सोडूही शकत नाही. न्यायालयाने फक्त कडी काढली. मत गावकऱ्यांनी आपल्या मनाने दिलं. म्हणजे गावाचं मन अधिकाऱ्याच्या कागदापेक्षा मोठं होतं, पण कडी लागलेली असती तर ते कधी कळलंच नसतं. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळने तर २०१७मध्येच ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच म्हणून निवडलं. लोक त्यांना काय म्हणतात माहीत आहे? माउली.

काही शंका, प्रामाणिकपणे

"शास्त्रात याला मान्यता नाही." काही स्मृतिग्रंथांत पुरुषांमधल्या अशा संबंधाला प्रायश्चित्त सांगितलं आहे, हे मी लपवत नाही. पण त्याच परंपरेने समुद्र ओलांडण्यालाही प्रायश्चित्त सांगितलं होतं. ऑनसाइटला जाऊन आलेल्या आपल्यातल्या कितीजणांनी ते घेतलं? आणि त्यावरून आपल्याला कोणी फ्लॅट नाकारला का? शास्त्रातलं नेमकं तेवढंच वाक्य पकडायचं, जे दुसऱ्याला लागू होतं आणि आपल्याला नाही, याला शास्त्रनिष्ठा म्हणत नाहीत.

उलट बाजूनेही एक सावधगिरी. अर्धनारीनटेश्वर, शिखंडी, बृहन्नडा ही उदाहरणं आपण पटकन पुढे करतो. ती खरी आहेत, सुंदर आहेत. आपण तर विठ्ठलालाच विठाई म्हणतो, आणि ज्ञानदेवांना माउली. पण माझा मुद्दा या उदाहरणांवर उभा नाही. पुराणात शिखंडी नसता तरीही माझ्या मित्राला घरातून काढणं चूकच ठरलं असतं. पाचव्या अध्यायातल्या श्लोकात यादी दिली आहे ती सवलत मिळणाऱ्यांची यादी नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणीही सुटत नाही, हे सांगायला ती आहे.

"माझं घर, मी कोणाला द्यायचं ते मी ठरवीन." या म्हणण्यात तथ्य आहे. तुमच्या देवघरात कोण येणार, तुमच्या पंगतीला कोण बसणार, तुम्ही मनात काय मानता, यात कायद्याने शिरू नये. मी स्वतः अशा कायद्याला विरोध करीन. पण घर भाड्याने द्यायची जाहिरात केली, कंपनी काढून माणसं नेमायला लागलात, हॉस्पिटलची पाटी लावली, की तुम्ही बाजारात आलात. कुंभार त्याच्या घरात काय विचार करतो, हा त्याचा प्रश्न. पण खापर मांडून बसल्यावर मुक्ताईला परत पाठवायचं नाही. देवघर आणि दुकान यांच्यातला हा उंबरठा कायद्याला नीट आखता येतो.

"गैरवापर होईल." होईल, थोडाफार. बांधावरून भावकीत खोट्या केसेस कोकणात काय कमी झाल्या? म्हणून जमिनीचे कायदे रद्द करा असं कोणी म्हणत नाही. तक्रार खरी की खोटी हे तपासायची पद्धत चांगली हवी, हे त्यावरचं उत्तर आहे.

पाऊस आणि नळ

अलोऱ्यात राहिलेल्या माणसाला पाण्याचं एक गणित माहीत असतं. पाऊस आपल्याकडे धो धो पडतो, वाडी बघून पडत नाही. तरी एप्रिल-मेमध्ये डोंगरावरच्या वाड्यांना टँकर लागतो. पावसात भेदभाव नाही, पण साठवण आणि वाट नसेल तर घागर रिकामीच. कोयनेचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, कोळकेवाडीला अडवलं जातं आणि अलोऱ्याच्या वीजघरातली ८० मेगावॅटची चार यंत्रं फिरवतं. तेच पाणी वाट न काढता सोडलं असतं तर एक दिवाही लागला नसता.

भगवंताची कृपा पावसासारखी आहे, ती कोणाचं लिंग, कोणाचं प्रेम विचारत नाही. पण ती माणसाच्या घागरीपर्यंत पोचायला माणसांनीच वाट काढायची असते. न्यायाचा कायदा ही तशी एक वाट आहे. वाट म्हणजे पाणी नव्हे, हेही खरं. उद्या उत्तम कायदा झाला, तरी माझ्या मित्राने घरी कसं सांगायचं, आणि सांगितल्यावर आईने जवळ घ्यायचं की नाही, हे कायदा ठरवणार नाही. ते काम आपलं आहे, भक्तीचं आहे. पण कायदा असता तर ब्रोकरला ते वाक्य इतक्या सहज बोलता आलं नसतं. आणि कारण विचारायला माझा मित्र घाबरला नसता.

बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या लाडक्या भक्ताची लक्षणं सांगतात. त्यांची सुरुवात कुठून होते, ते आज पुन्हा उघडून बघा. कोणत्याही जिवाचा द्वेष न करणं. पूजा, जप, उपवास हे काहीच नाही तिथे. आधी द्वेष नको, मग मैत्री आणि करुणा. मला हा क्रम फार व्यवहारी वाटतो. मैत्री आणि करुणा सक्तीने होत नाहीत, पण द्वेषाची कृती थांबवता येते. पहिली पायरी कायद्याच्या मदतीने चढता येईल, पुढच्या आपल्या आपण चढायच्या.

आजचा नेम अगदी छोटा आहे. तुमच्या ऑफिसात भेदभावविरोधी धोरण असेल तर ते काढून वाचा. त्यात लैंगिक कल आणि लिंगओळख यांचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर एचआरला दोन ओळींचा मेल करा. सोसायटीच्या सभेत 'असले भाडेकरू नकोत' असं कोणी म्हणालं, तर त्या दिवशी गप्प बसू नका. आणि विसोबाला विसरू नका. ज्याने खापर नाकारायला लावलं, तोच पुढे नामदेवांचा गुरू झाला. म्हणजे आज जे विरोधात आहेत, त्यांचाही द्वेष करायचा नाही. त्यांच्यातला खेचर अजून जागा व्हायचा आहे, एवढंच.

पांडुरंगा, आम्हाला समदृष्टी दे, आणि ती हातात उतरू दे.

रामकृष्ण हरी 🙏